वाकड्या मानेचा गरुड

२००९ साल होतं आणि मी सहासष्ट वर्षांचा होतो. लखनौच्या चौकात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत माझं गलाईचं दुकान होतं. खाली भट्टी, वर आम्ही दोघं नवरा-बायको. गलाई म्हणजे जुनं सोनं, जुनी चांदी वितळवून तिच्यातली घाण काढायची आणि शुद्ध माल लगड करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं हिंदुस्थानात कुठंही गेली तरी हेच करतात. मी चौथीतून उठलो आणि चुलत्याबरोबर रेल्वेत बसलो. तो लखनौला उतरला म्हणून मीही लखनौला उतरलो. तो कानपूरला उतरला असता तर ही गोष्ट कानपूरची झाली असती.

चौकात आम्हाला सगळे 'मराठा' म्हणत. जात कुठली, गाव कुठलं, कुणी विचारत नसे. भट्टी लावतो तो मराठा. "जा, मराठा के यहाँ गलवा ला," असं सराफ आपल्या नोकराला सांगायचा. त्यातही माझ्याकडं गिऱ्हाईक जास्त यायचं, आणि त्याचं कारण मी इथं सांगणार आहे. स्वतःची स्तुती वाटली तर वाटू दे.

माझ्याकडं गिऱ्हाइकानं भट्टीसमोर स्टुलावर बसायचं. फडक्यात बांधून आणलेला माल माझ्या तसराळ्यात ओतायचा. मग ते फडकं मी त्याच्याच देखत झटकायचो. तसराळ्यातलं सगळं मुशीत, भट्टीतल्या वितळवायच्या भांड्यात. बाजूला काही ठेवायचं नाही, बदलायचं नाही, 'हा तुकडा राहू द्या, याच्याऐवजी तेवढी चांदी देतो' हेही नाही. "आपकी चाँदी, आपके सामने," हे माझं वाक्य होतं आणि सगळा चौक ते माझी नक्कल करून म्हणायचा. लगड थंड झाली की वजन, आणि घट, म्हणजे गाळताना वजनात होणारी तूट, किती येणार हे मी माल बघूनच आधी सांगितलेलं असायचं. त्यात माझा शब्द फार तर केसाएवढा इकडं-तिकडं व्हायचा. भट्टीची राख मात्र गलाईवाल्याची. हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज आहे, मी केलेला नाही. राखेत, केरात जे काही कण सापडतील ते त्याचे. गिऱ्हाईक राख मागत नाही आणि मागितली तरी द्यायची नसते.

आता नाण्यांचं सांगतो. समोरच्या पेढीवरचे लालाजी जुनी मोड घेत. एकदा त्यांच्या मोडीच्या डब्यात मला अंगठ्याच्या नखाएवढं चांदीचं नाणं दिसलं. काळं पडलेलं. अंगरख्याला घासलं तर एका बाजूला गरुड, चोचीत साप, आणि तो बसलाय कशावर, तर फड्या निवडुंगावर! आमच्या गावाकडं बांधाबांधाला असतो तोच निवडुंग, तशीच पानं, तशीच बोंडं. चाळीस वर्षं लखनौत काढली, तिथं निवडुंग कुंडीतसुद्धा बघितला नव्हता, आणि इथं तो चांदीत निघाला. पाठीमागं एक टोपी आणि टोपीतून चारी बाजूंना निघालेली किरणं. लालाजी म्हणाले, "टोपी-छाप है, ले जाओ मराठा। हमारे किस काम का।" मी फुकट घेतलं नाही. तेवढ्याच वजनाची चांदी त्यांच्या तराजूत टाकली आणि मग घेतलं.

तिथून नाद लागला. लालाजींच्या डब्यात, नख्खासच्या बाजारात जमिनीवर फडकं अंथरून बसणाऱ्या जुन्या मालवाल्यांकडं, जिथं दिसेल तिथं मी टोपी-छाप शोधायला लागलो. माझ्या भट्टीवर आलेल्या मालातून मात्र कधी नाही. असं नाणं दोनदा माझ्या डोळ्यांदेखत मुशीत गेलं आणि मी चिमटा धरून बसलो. लालाजी म्हणायचे, "अमाँ, पागल हो क्या? निकाल लेते, किसको पता चलता!" मी म्हणायचो, "मला कळलं असतं." हे मी मराठीतच म्हणायचो आणि ते त्यांना बरोबर कळायचं.

ठेवायला हिच्याकडून मिसळणाचा जुना डबा घेतला. पितळी, आत सात वाट्या. ही म्हणाली, "आवं, मोहरीच्या वाटीत नाणी? उद्या आमटीत गरुड निघंल." पण डबा दिला. सगळ्यात बारकी नाणी एका वाटीत, त्याच्यावरची दुसरीत, जरा मोठी तिसरीत, असं मी लावलं. मोठे मेक्सिकोचे रुपये मी ठेवत नसे. ते चौकात पुष्कळ गळून गेलेत, त्यात काय विशेष. बारक्याला कुणी विचारत नाही म्हणून बारकं मी घेतलं.

मेक्सिको हे नाव मला इंदिरा नगरमधल्या एका मराठी साहेबांनी सांगितलं. ते शास्त्रज्ञ होते, पुण्याकडचे, रिटायर व्हायला आले होते. गणपतीत ओळख झाली. मराठी मंडळींचा गणपती म्हणजे एका बाजूला संशोधनवाले, एका बाजूला मिलिटरीवाले आणि कोपऱ्यात आम्ही चार गलाईवाले. हे साहेब उठून आमच्या कोपऱ्यात आले आणि बसले. त्यांनाही नाण्यांची आवड. पुढं रविवारी मी डबा घेऊन त्यांच्याकडं जायला लागलो. ते भिंग लावून वाचायचे आणि मला सांगायचे. तो देश स्पेनच्या ताब्यातून सुटला, नवं राज्य झालं, राजा काढून टाकला आणि नाण्यावर राजाच्या तोंडाऐवजी टोपी आली. टोपी म्हणजे सुटका. जहाजातून ही चांदी जगभर गेली. बारकी नाणी इकडं कशी पोचली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही असं ते सरळ म्हणायचे. मला तो माणूस त्यासाठी आवडायचा.

एका रविवारी त्यांनी किरणांखालच्या बारक्या अक्षरांवर बोट ठेवलं. हे साल, हे टाकसाळीचं गाव, हा चांदीचा कस. "आणि ही दोन अक्षरं ओळखा बघू कुणाची?"

"राजाची."

"राजा कुठला आता? ज्यांनी चांदी तपासली त्या माणसांच्या नावाची ही पहिली अक्षरं. कस कमी निघाला तर मान त्यांची."

मी ते नाणं बराच वेळ हातात धरलं. मी जन्मभर चांदी तपासली. माझं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं, पाटी चुलत्याच्या नावाची होती. त्या देशात चांदी तपासणाऱ्याचं नाव नाण्यावर घालत. मला ते राज्य पसंत पडलं.

त्याच साहेबांच्या पुस्तकात मी वाकड्या मानेचा गरुड बघितला. राज्य नवं झालं तेव्हा पहिली एक-दोन वर्षं गरुड वेगळा काढला होता. एका अंगाला वळलेला, मान आकड्यासारखी खाली वाकवून साप धरलेला. पुढं तो सरळ केला. साहेब म्हणाले, "बारक्या नाण्यात हा मिळणं फार कठीण. मी नुसता चित्रात बघतोय." मी घरी येऊन डब्यातली मधली वाटी रिकामी केली आणि त्या गरुडासाठी राखली. ही म्हणाली, "ज्याचा पत्ता न्हाई त्याच्यासाठी पाट मांडलाय."

आता तो डबा लखनौच्याच वृंदावन योजना नावाच्या नव्या वसाहतीत, मुलाच्या फ्लॅटवर, माझ्या कपाटात आहे. मधली वाटी अजून रिकामी आहे. नात विचारते, "आजोबा, ये वाली कटोरी ख़ाली क्यों है?" तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. तिला तोंडानं दोनदा सांगून बघितलं, ती मधेच मोबाईल बघते. म्हणून हे लिहून ठेवतोय. वाचेल तेव्हा वाचेल.

तर २००९ची लग्नसराई. एक म्हातारी माझ्या दुकानात आली. मलिहाबादच्या पुढच्या कुठल्या गावची, माझ्याच वयाची किंवा थोडी मोठी. पदराच्या गाठीत हमेल. हमेल म्हणजे नाण्यांना डाख देऊन कड्या झाळलेली माळ, तिकडच्या जुन्या बायका गळ्यात घालत. तिला ती गाळून नातीसाठी पायल करायच्या होत्या. कारागीर तिनं चौकातलाच ठरवला होता. कारागिरानंच तिला माझ्याकडं पाठवलं होतं.

मी म्हटलं, "अम्मा, सराफ़ को दे देतीं, बनी-बनाई पायल मिल जाती।"

"बनी-बनाई मा कउन की चाँदी, का पता," ती म्हणाली. "ई हमरी सास की है। यही जाई नतिनी के पाँव मा। सुना है मराठा अदला-बदली नाहीं करत।"

"नहीं करता," मी छाती काढून म्हटलं.

तिनं हमेल तसराळ्यात ओतली. बहुतेक राणीछाप चवल्या, दोन-दोन आण्यांच्या, होत्या. मी कड्यांचा डाख बघितला, मळ बघितला आणि घट किती जाईल ते सांगून टाकलं. मग सवयीनं बोटानं माल पसरला आणि तो तिथं होता. नखाएवढा. मान आकड्यासारखी वाकलेली. कडी डाखलेली होती, पण डाख टोपीच्या बाजूला होता, गरुड सगळाच्या सगळा स्वच्छ. मी उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला घाम आला तो भट्टीचा नव्हता.

आता माझा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता आणि मलाही. पण मी तोंड उघडलं. म्हटलं, "अम्मा, इसमें ये एक सिक्का परदेस का है। इसके बदले मैं इतनी ही चाँदी, बल्कि दूनी..."

"बदले?" ती म्हणाली. "अबहीं का कहे रहेव?"

"एक ही तो है, अम्मा।"

"एक होय चाहे सौ। सास के गले मा ई हमरे सामने झूलत रही। तुम्हरी चाँदी हम का करी?"

दारात लालाजी येऊन उभे राहिले होते. ते हसत होते. "आज मराठा फँसा!" त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं. "अम्मा, छोड़ना मत! पूरे चौक को यही भाषण देते हैं!"

मी मुशीकडं वळलो. भट्टी पेटलेली होतीच. मूस लाल झाली, टाकणखार टाकला आणि नाणी एकेक करून सोडायला लागलो. त्या वाकड्या मानेच्याला मी तळहातात धरून ठेवलं होतं. लपवून नाही, तळहात उघडा होता, म्हातारी बघत होती. बाकी सगळी गेली. मग मी हात मुशीवर नेला आणि तो सोडला. सोडताना मी भिंतीकडं बघितलं. पन्नास वर्षांत मुशीवरची नजर मी कधी काढली नव्हती. चुलत्यानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, मूस सोडून दुसरीकडं बघायचं नाही. त्या वेळी मी बघितलं.

रस साच्यात ओतला. लगड थंड झाली, वजन केलं. घट माझ्या शब्दापेक्षा जास्त आली. फार नाही, दीडेक ग्रॅम. पण माझा शब्द इतका कधी चुकला नव्हता. लालाजींनी काट्यावर वाकून बघितलं आणि भुवया वर केल्या. मी म्हटलं, "डाख जास्त होता." म्हातारीनं लगड पदरात बांधली. तिला वजनाचं काहीच वाटलं नाही.

"भट्ठी आपन हिस्सा खाय लिहिस," ती हसून म्हणाली. दारातून वळली आणि माझ्याकडं बघितलं. "अउर सुनौ भैया। उइ सिक्का पर तुम्हार एतना मन रहा, तो माँग लेतेव। हम दै देइत। तुम तो सौदा करै लागेव।"

मागितलं असतं तर दिलं असतं, मी व्यवहार करायला लागलो. असं म्हणून ती गेली. लालाजी या वेळी हसले नाहीत. मी त्यांना विचारलं, "काय म्हणाली?" ते आपल्या पेढीकडं वळले. मला कळलंच होतं. मी जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही. चुलत्याकडं जेवण मागितलं नाही, सासऱ्याकडं घड्याळ मागितलं नाही, लालाजींनी फुकट दिलेलं नाणंसुद्धा तराजूत चांदी टाकून घेतलं. तुझं ते मला दे, हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ते शिकायला मी शाळेत पुरेसा बसलो नसेन.

दुपारभर मला ते दीड ग्रॅम टोचत राहिले. डाख किती ते मी बघून सांगितलं होतं, डाखाचा हिशेब चुकायचं कारण नव्हतं. दुसरी दोन गिऱ्हाइकं आली, त्यांचं काम केलं, त्यांची घट बरोबर आली. दिवेलागणीला भट्टी निवली तशी मी खाली बसलो आणि भट्टीच्या तोंडाशी सकाळी ओढून ठेवलेली राख चाळायला घेतली. ही चहा घेऊन जिन्यावरून उतरली.

"राख आज का चाळताय? ती तर दिवाळीला इकायची असती."

मी चाळतच राहिलो. दुसऱ्या चाळणीला तो वरच राहिला. राखेनं पांढरा झालेला, कडीसकट. बोटानं पुसला तर मान तशीच वाकलेली, साप तसाच धरलेला. मी नजर काढली तेव्हा तो मुशीच्या काठाला लागून उडाला असणार आणि बाहेर राखेत पडला असणार. दुसरं काही होऊ शकत नाही. तरी मी स्वतःलाच विचारलं की हात हलला का? माझं मला सांगता आलं नाही.

हिनं कप खाली ठेवला आणि बघितलं. तिनं तो पुस्तकातला गरुड कधी बघितला नव्हता, पण माझ्याकडून इतकं ऐकलं होतं की लगेच ओळखला.

"घावला की वो!" ती म्हणाली. "राखंत घावला. राख तुमचीच. रिवाजच हाय."

"रिवाज आहे," मी म्हटलं.

"मग वाटीत ठेवा की."

"मी तिला काय सांगितलं? तुझी चांदी, तुझ्यासमोर. तिच्या पायलमध्ये हा नाही. लालाजींच्या समोर माझी घट चुकली ती याच्यामुळं."

"मग उद्या गावाला जाऊन तिला द्या. कारागिराला गाव ठावं असंल. ती काय ठेवून घेतीय व्हय? हसंल आन् तुमच्याच हातावर ठेवंल. मगाशी दारात म्हणालीच की, मी वरनं ऐकलं."

"म्हणूनच नाही जायचं."

ही माझ्याकडं बघत राहिली. "म्हंजे?"

"तिच्या दारात हा घेऊन उभं राहणं म्हणजे मागणंच झालं."

"आवं, मागितलं तर काय झिजताय काय?"

मी कप उचलला. चहा निवला होता, तसाच पिऊन टाकला. ती वर गेली आणि भांडी जरा जास्त वाजवायला लागली. जेवताना तिनं डबा मुद्दाम ताटाशेजारी आणून ठेवला, झाकण काढून. मी नाण्याची कडी कापून काढली, नाणं रिठ्याच्या पाण्यानं धुतलं आणि मधल्या वाटीत ठेवलं. बसलं छान. भिंग लावून खालची दोन अक्षरं बघितली. मला वाचता येत नाहीत, पण ज्याची कुणाची होती त्यानं आपलं काम चोख केलं होतं, एवढं त्या चांदीकडं बघून मी सांगू शकतो. रविवार दोन दिवसांवर होता. साहेबांना दाखवावा, एकदा त्यांच्या भिंगाखाली जाऊ द्यावा, असं मनात येऊन गेलं. पण कारागीर तोपर्यंत लगडीची तार ओढून मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, मी खाली आलो आणि भट्टी पेटवली. सगळ्यात बारकी मूस घेतली, सोन्याच्या कामाची असते ती. वाटीतलं नाणं आणि कापलेली कडी दोन्ही तिच्यात ठेवली. या वेळी नजर हलवली नाही. आधी किरणं गेली, मग टोपी बसली आणि मग सगळं एकदम गोल झालं. वाटाण्याएवढी गोळी निघाली. ती कागदात बांधून मी कारागिराच्या दुकानी गेलो. तो नुकताच फळी काढत होता, लगड अजून त्याच्या पेटीतच होती. मी पुडी त्याच्या हातावर ठेवली.

"ये क्या है, मराठा साहब?"

"अम्मा की पायल में डाल देना। कल रह गया था।"

त्यानं पुडी सोडून बघितली. "इत्ते से क्या होगा?"

"एक घुँघरू हो जाएगा," मी म्हटलं. तो गोळी त्या लगडीशेजारी ठेवेपर्यंत मी तिथं उभा राहिलो. मग परत येऊन दुकानाची पाटी पुसली आणि चहा मागितला.